जीवाणूंवर संशोधन करायचंय, गोव्यात राहून जमेल का?

साखळीच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे. मायक्रोबायोलॉजी घेऊन ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. जीवाणूंवर संशोधन करायची, पीएचडी करायची तिची मनापासून इच्छा आहे. बाबा म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर वेर्ण्याला औषध कंपनीत लाग. गोवा सोडून जायला घरचे तयार नाहीत. आणि पीएचडी झाल्यावर पुढे काय, हे तिला कुणी सरळ सांगत नाही.

सरळ सांगते. मी हा विषय गोव्यातच शिकवत आले, विद्यार्थ्यांच्या पीएचड्या करवून घेतल्या. पीएचडीला प्रवेश मिळणं हा या वाटेवरचा अवघड भाग नव्हे. चिकाटीच्या मुलीला तो आज ना उद्या मिळतोच. कस लागतो तो पीएचडीनंतरच्या चार-पाच वर्षांत, आणि त्या वर्षांची तयारी पीएचडीला नाव नोंदवण्याआधीच करावी लागते. माझ्या पाहण्यातली जी मुलं अडकली ती हुशारीत कुठेही कमी नव्हती. वयाचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता आणि विषय जो समोर आला तो घेतला होता.

आधी हिशेब. बी.एस्सी. एकविसाव्या वर्षी, एम.एस्सी. तेविसाव्या. नेटचा, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, एखादा प्रयत्न वाया गेला की चोवीस. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांची. जिवंत कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जीवाणूंवर, काम करणारं माणूस ३ वर्षांत सुटत नाही, ५ धर. झाली एकोणतीस. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत सायंटिस्ट पदाची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपचीही ३२. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ३५ पर्यंत मिळते. राखीव प्रवर्गांना काही ठिकाणी सवलत असते, ती जाहिरातीत बघायची. म्हणजे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनपद) करून चांगले पेपर काढायला तुझ्या हातात जेमतेम ३ वर्षं उरतात. एम.एस्सी.नंतर ‘बघू या’ म्हणत घालवलेलं एक वर्ष आज काहीच वाटत नाही, ते तिकडे जाऊन नडतं.

चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी केली तर थेट पीएचडीला जाता येतं, असं तुला कुणीतरी सांगेलच. नियम तसा आहे. तरीही एम.एस्सी. कर, असं माझं मत. त्या दोन वर्षांतला प्रोजेक्ट ही बहुतेकांची पहिली वेळ असते, जेव्हा प्रयोग फसला तर उत्तर मागच्या बॅचच्या जर्नलात सापडत नाही. ते आवडतंय की नाही, हे फेलोशिप घेण्याआधी कळलेलं बरं.

आता नेट. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये मायक्रोबायोलॉजी असा वेगळा पेपर नाही, सगळं लाइफ सायन्सेसमध्ये येतं. २०० पैकी १०० गुण ‘सी’ भागाला. तिथे ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, एकेक ४ गुणांचा. आलेख देतात, जेलचं चित्र देतात, अमुक जनुक काढून टाकलं तर काय दिसेल ते विचारतात. आपल्याकडची मुलं जीवाणू आणि इम्युनॉलॉजी पक्कं करतात आणि वनस्पतींची फिजिऑलॉजी, उत्क्रांती, डेव्हलपमेंटल बायोलॉजी बघून हबकतात. सगळं करायची गरजच नाही. पेशी, मॉलिक्युलर बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, इम्युनॉलॉजी आणि प्रयोगाच्या पद्धती एवढं घोटलं तरी २५ निघतात. जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळाली की पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं, असे ५ वर्षांपर्यंत; २०२३ पासून हे दर आहेत. डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) यांच्याही जेआरएफ असतात, त्यांची निवड कशी होते ते बघून तिथेही प्रयत्न कर. पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की स्वतःची फेलोशिप असली की गाईड तू निवडतेस. ती नसली की ज्याच्या प्रोजेक्टमध्ये जागा रिकामी असेल त्याचा विषय तुझा होतो.

गाईड निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नकोस. त्यांचे आधीचे विद्यार्थी बघ. किती वर्षांत सुटले, आज कुठे आहेत, पहिला लेखक म्हणून त्यांचे पेपर कोणत्या जर्नलमध्ये आले. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतीय विद्यापीठांतले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. त्या गाईडकडचे दोन-तीन उघड. शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचायची गरज नाही, पहिल्या प्रकरणात प्रश्न विचारलेला आहे का तेवढं बघ. मग जुन्या दोन विद्यार्थ्यांना फोन कर. ‘सर कसे आहेत?’ असं विचारलंस तर सगळे ‘खूप चांगले’ म्हणतील. ‘ड्राफ्ट दिल्यावर वाचून परत यायला किती दिवस लागायचे?’ हे विचार. खरं काय ते या एका प्रश्नात कळतं.

विषयाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नुकसान इथेच होतं. आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. कुठलीतरी माती किंवा पाणी आणायचं, त्यातून पन्नास-साठ आयसोलेट (वेगळे करून वाढवलेले जीवाणू) काढायचे, कोण कोणता एन्झाइम देतो ते प्लेटवर तपासायचं, त्यातला बरा निवडायचा, तापमान आणि पीएच वरखाली करून उत्पादन वाढवायचं, १६एस हे ओळख पटवणारं जनुक वाचून नाव लावायचं, झाला प्रबंध. हात तयार व्हायला हा साचा उत्तम. पदवीही मिळते. पण पुढे निवड समिती पहिल्यांदा विचारते, ‘तुम्हाला शोधायचं काय होतं?’ आणि त्या प्रबंधात त्याचं उत्तर नसतं. ‘मिठागरातल्या जीवाणूंची विविधता’ हा विषय झाला, प्रश्न झाला नाही.

मिठागराचंच बघू. नेरूळ, हडफडे, आगरवाडा, रायबंदर इथल्या मिठागरांत उन्हाळ्यात पाणी आटत जातं आणि मीठ धरायच्या बेताला काही वाफ्यांत तांबूस-गुलाबी झाक येते. ती बरीचशी हॅलोआर्किया या खारटपणात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची. सरसकट त्यांना जीवाणू म्हणतात, पण १९७७ मध्ये कार्ल वूस यांनी दाखवून दिलं की आर्किया हा वेगळाच गट आहे. यांतल्या बहुतेकांना जगायला मीठ लागतं, आणि भरपूर लागतं. ते फार उतरलं की पेशीच फुटतात. आता विचार कर. जून उजाडला की हीच मिठागरं पावसाच्या पाण्याखाली जातात, चार महिने तिथे जवळजवळ गोडं पाणी असतं. तरी पुढच्या फेब्रुवारी-मार्चला तांबूस रंग हजर. मधले महिने ही मंडळी असतात कुठे? तळच्या गाळात, जिथे खारटपणा टिकून राहतो? मिठाच्या स्फटिकात अडकलेल्या पाण्याच्या थेंबात? की दर वर्षी भरतीच्या पाण्यासोबत नव्याने येतात? आयसोलेट काढायचे तेच, माध्यम तेच, १६एसही तेच. पण आता प्रत्येक प्लेट कशाचं तरी उत्तर देते, आणि ‘निगेटिव्ह’ प्लेटही वाया जात नाही.

असा प्रश्न घेतला की कॅलेंडर मानेवर बसतं, हेही ऐकून ठेव. मिठाचा हंगाम साधारण जानेवारी ते मे. नोंदणी जुलैत झाली आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मंजूर व्हायला पुढचा एप्रिल उजाडला, तर एक हंगाम गेला. म्हणून विषय पक्का व्हायच्या आधीच पहिले नमुने आणून ठेवावेत. आणि कामही सावकाशीचं. माध्यमात २० ते २५ टक्के मीठ, प्लेटा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या, नाहीतर प्लेटमधलं घट्ट माध्यम सुकतं आणि वर मिठाचे स्फटिक धरतात. नवखी मुलं त्या स्फटिकांनाच कॉलनी समजून लूप (उचलायची तार) लावतात. खऱ्या कॉलन्या दहा-पंधरा दिवसांनी दिसू लागतात, टाचणीच्या टोकाएवढ्या, लालसर. एक उचलायची, नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरायची, पुन्हा पंधरा दिवस. शुद्ध कल्चर हाती येईपर्यंत दोन महिने सहज जातात. तोवर शेजारच्या बाकावर भराभर वाढणाऱ्या ई. कोलाय जीवाणूवाल्याचे दहा प्रयोग झालेले असतात. हे सोसत असेल तरच खाऱ्या पाण्याच्या नादी लाग.

नवीन प्रजाती सापडली तर? मुलांना याचं फार आकर्षण. १६एस जनुकात सर्वात जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली असेल तर आशा धरायची. पूर्ण जीनोम (सगळी जनुकं) वाचून एएनआय, म्हणजे दोन जीनोममधलं सरासरी साम्य, ९५-९६ टक्क्यांच्या खाली आलं तर प्रकरण पक्कं. मग नामकरणाच्या नियमाप्रमाणे तो स्ट्रेन (शुद्ध वाण) दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या संग्रहालयांत, ठेवावा लागतो. आपल्याकडे चंदीगडची एमटीसीसी आहे, पुण्याची एनसीएमआर आहे. दुसरा देश आला की जैवविविधता कायदा, २००२ आणि चेन्नईचं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण आलं. कागदपत्रं आधी सुरू कर, पेपर नंतर लिही. २०२२ पासून सीक्वकोड नावाची दुसरी पद्धत आली आहे, तिच्यात जिवंत कल्चरऐवजी जीनोमच्या आधारावर नाव देता येतं. जुनी मंडळी त्यावर नाक मुरडतात; मला ती आवडते, कारण निसर्गातले बहुतांश सूक्ष्मजीव आपल्या प्लेटवर वाढतच नाहीत.

मोठी यंत्रं नसतील तर मोठं काम होत नाही, ही तक्रार मी नेहमी ऐकते. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जीवाणू वाढवलेलं द्रावण गाळून त्यातले जीवाणू काढून टाकले आणि उरलेलं सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडलं. जीवाणू नसतानाही आतडं पाण्याने भरलं. कॉलऱ्याचं विष सिद्ध झालं. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यातच कॉलऱ्याचा जीवाणू वेगळा करून पाऊणशे वर्षं होत आली होती, एवढ्या काळात हा साधा प्रयोग कुणी असा मांडला नव्हता.

तुझा दुसरा प्रश्न, गोव्यात राहून जमेल का. पीएचडीपुरतं म्हणशील तर उत्तम जमेल. विषयाच्या मानाने गोवा नशीबवान आहे. ताळगाव पठारावर विद्यापीठाचा मायक्रोबायोलॉजी विभाग. दोना पावलाला एनआयओ, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ संपतो आणि तिथले जीवाणू नायट्रेट वापरून नायट्रोजन वायू सोडतात, त्या कामाची जगात दखल घेतली जाते. तिथून पीएचडी करायची तर ॲकसिर या सीएसआयआरच्या पदवी देणाऱ्या अकादमीमार्फत किंवा विद्यापीठामार्फत नोंदणी होते, आणि नशिबात असेल तर ‘सिंधु साधना’ या संशोधन जहाजावर समुद्रात जाता येतं. (बोट लागते का, ते आधी मासेमारीच्या होडीतून बघून घे, हे मी गमतीने लिहीत नाही.) वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र, तिथे अंटार्क्टिकाच्या बर्फातले जीवाणू. झुआरीनगरला बिट्स हे अभिमत विद्यापीठ, जुन्या गोव्याला किनारी शेतीचं आयसीएआर केंद्र. आणि हे सगळं कालपरवाचं नाही. बाणावलीचे फ्रोइलानो दे मेलो पोर्तुगीज काळात पणजीच्या वैद्यकीय शाळेत सूक्ष्मजीवांवर काम करत होते.

नमुन्यांना तर तोटाच नाही. खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या शेतीत, मानशीतून (बांधातल्या झडपेतून) खारं पाणी आत-बाहेर होतं आणि त्यात कोरगुट भात उभं असतं. त्याच्या मुळांशी कोण आहे? पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, त्यांवर जगणारे जीवाणू आहेत. बोटींच्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन हे विषारी रसायन आंतरराष्ट्रीय कराराने २००८ पासून बंद झालं, पण गोदीजवळच्या गाळात त्याची आठवण ठेवणारे जीवाणू अजून मिळू शकतात. तू साखळीची, तुझ्या आजूबाजूला खाणींचे पाण्याने भरलेले खंदक आहेत. लोह आणि मँगनीजचं तिथे काय चाललंय, हे बघायला मुंबईहून माणूस येईल त्याच्या आधी तू सायकलवर पोचशील. ही खरी मिळकत आहे. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे यंत्रं असतात, पण दर पंधरा दिवसांनी त्याच जागी जाऊन नमुना घेणं त्यांना परवडत नाही.

पण पीएचडीनंतर बाहेर जायलाच हवं. बी.एस्सी., एम.एस्सी., पीएचडी आणि नोकरी सगळं एकाच पठारावर, असा बायोडेटा निवड समितीला रुचत नाही, आणि त्यात तथ्य आहे. एका प्रयोगशाळेच्या सवयी आणि चुका दोन्ही अंगात मुरतात. घरच्यांना एकदम परदेश झेपत नसेल तर पुण्यापासून सुरुवात कर: एनसीसीएस, आयसर, एनसीएल या संशोधन संस्था तिथे आहेत. आत्याबित्या असतेच कुणीतरी. परदेशी जायचं तर ब्रेमेनची माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्था तुझ्या विषयाची पंढरी. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला पीएचडीनंतर ४ वर्षांच्या आत अर्ज करता येतो. इथेही ‘घरी थोडं थांबते’ म्हटलंस की दार लागलं.

एक शिकवण मात्र पीएचडीतच घे: संगणक. जीवाणूचा जीनोम लावून घेणं आता स्वस्त झालं आहे, बाहेरून करून मिळतं. त्याचा अर्थ लावणारी माणसं मिळत नाहीत. आर किंवा पायथन ही संगणकाची भाषा, थोडं संख्याशास्त्र, डेटा तपासायला गॅलेक्सीसारखा फुकटचा सर्व्हर, एवढ्यावर सुरुवात होते. बाकावर हात चालतो आणि डेटाही वाचता येतो, अशा मुलीला पोस्टडॉक शोधावी लागत नाही.

गोव्यात नोकरी? जागा थोड्या. विद्यापीठात पद क्वचित निघतं. कॉलेजांत सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर. २०२३ च्या बदलानंतर त्यासाठी नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरते, पीएचडी सक्तीची नाही. सरकारी पदं लोकसेवा आयोगातून, तिथे १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठी असल्यास बरं. दाखल्याची फाईल आत्ताच करून ठेव, जाहिरात निघाल्यावर मामलेदार कचेरीत रांग लागते. आणि लेक्चर बेसिसपासून, म्हणजे तासांवर मोबदला देणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीपासून, सांभाळ. एखादं वर्ष शिकवून बघायला हरकत नाही. पण जूनला नेमणूक, मार्चला खंड, पुन्हा जूनला नेमणूक, या चक्रात चांगली चांगली मुलं पाच-सात वर्षं अडकलेली मी पाहिली आहेत. तासही घ्यायचे, पेपरही तपासायचे, आणि स्वतःचं संशोधन शून्य.

पेपरचा विषय निघालाच आहे तर: यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, आता बंद झाली आहे. त्यामुळे ‘आठ दिवसांत छापतो, पैसे भरा’ म्हणणाऱ्यांचं फावलं. ज्या जर्नलमधले पेपर तुझे गाईड स्वतः वाचत नाहीत तिथे छापू नकोस.

बाबांबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत. वेर्णा-कुंडईच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलमध्ये आपल्या विषयाला मान आहे: स्टेरिलिटी, एंडोटॉक्सिन, क्लीन रूमच्या हवेची तपासणी. तिथे प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी लिहून सही करायची जी शिस्त लागते ती विद्यापीठातल्या कित्येक प्रयोगशाळांत नसते. संशोधन जमलं नाही तर ते दार उघडंच राहतं, पीएचडी असली तरी. बी.एड.ही नंतर होते. उलट क्रमाने मात्र जड जातं, कारण वय. हा हिशेब बाबांसमोर कागदावर मांड, ‘मला आवड आहे’ एवढ्यावर वाद घालू नकोस. लग्नाचा विषय निघेल, निघू दे. पीएचडीत मुलींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळते आणि मुदतीतही २ वर्षांची सवलत आहे, हे त्यांना माहीत असू दे. आणि रात्री नऊ वाजेपर्यंत प्रयोगशाळेत बसणारी सून सासरी चालेल का, हे लग्नाआधी विचारायचा प्रश्न आहे.

आत्ता काय करायचं? देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, दोन महिन्यांची. तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास घेतात. त्यासाठी अर्ज कर, जागा गोव्याबाहेरची माग. सोबत तीन-चार शास्त्रज्ञांना ई-मेल लिही. ‘आदरणीय सर, मला संशोधनाची खूप आवड आहे’ ने सुरू होणारे ई-मेल कुणी उघडत नाही. त्यांचा एक पेपर वाच, त्यातली एक आकृती कळली नाही ती कोणती ते लिही, तू काय करू शकतेस ते दोन ओळींत सांग, मार्कलिस्ट जोड. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर. तरीही आलं नाही तर पुढच्या नावाकडे वळ.